निंबोळी तेल, साबण, व्हिनेगर आणि पुठ्ठा: बागेतल्या नैसर्गिक उपायांची पारख

निंबोळी तेलाची बाटली घेताना पुढची हिरवी पानं आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' हे शब्द बाजूला ठेवा आणि बाटली फिरवून मागचं लेबल वाचा. तिथे अझाडिरॅक्टिनचं प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) लिहिलेलं आहे का, हे पहिलं बघायचं. निंबोळीत किडीवर काम करणारा मुख्य घटक तोच. तो १९६८ साली निंबोळीतून वेगळा केला गेला. त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा आहे की प्रयोगशाळेत तो पहिल्यापासून शेवटपर्यंत तयार करायला २००७ साल उजाडलं. म्हणजे हा घटक झाडाकडूनच घ्यावा लागतो, आणि बाटलीत तो किती उतरला आहे ते बियांवर, काढण्याच्या पद्धतीवर आणि साठवणुकीवर ठरतं.

'नीम ऑइल' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिलं म्हणजे घाण्यावर थंड दाबाने काढलेलं तेल. ते तपकिरी आणि उग्र वासाचं असतं आणि त्यात अझाडिरॅक्टिन असतं, पण प्रत्येक घाण्यागणिक कमीजास्त. दुसरं शुद्ध केलेलं फिकट तेल. त्यातून अझाडिरॅक्टिन जवळजवळ काढून घेतलेलं असतं, त्यामुळे ते फक्त तेल म्हणून काम करतं: अंगावर बसून किडीचा श्वास कोंडतं. तिसरं म्हणजे ३०० पासून १०,००० पीपीएमपर्यंतची तयार द्रावणं. १०,००० पीपीएम म्हणजे एक टक्का. यांत पाण्यात मिसळणारा पदार्थ आधीच घातलेला असतो, म्हणून वरून साबण घालू नये आणि मात्रा लेबलवर लिहिली आहे तेवढीच घ्यावी. ३०० पीपीएमची मात्रा १०,००० पीपीएमच्या बाटलीला लावली तर औषध वाया जातं आणि पानंही करपू शकतात. लेबलवर आकडाच नसेल तर ती बाटली फवारणीसाठी घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

'फवारलं, पण काहीच झालं नाही' ही तेलाबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार. यात तेलाचा दोष कमी आणि अपेक्षेचा जास्त असतो. अझाडिरॅक्टिन किडीला जागच्या जागी मारत नाही. ते तिची भूक मारतं आणि कात टाकण्याच्या संप्रेरकात अडथळा आणतं. त्यामुळे वाढीतली पिल्लं पुढच्या अवस्थेत जाऊ शकत नाहीत. पूर्ण वाढलेल्या किडीला कात टाकायचीच नसते, म्हणून ती दुसऱ्या दिवशीही तिथेच दिसते. फरक कळायला पाच-सात दिवस लागतात. सात दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या केल्या तर अंड्यातून नंतर निघालेली पिल्लंही तडाख्यात सापडतात. एकच फवारणी करून निकाल लावणं म्हणजे काम अर्ध्यावर सोडणं. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकणाची फिरती पिल्लं आणि लाल कोळी यांच्यावर हे तेल चांगलं चालतं. टणक कवचाची खवले कीड, मोठी अळी आणि भुंगेरे यांच्यासाठी ते घेऊ नका.

आता मिश्रण. एक लिटर पाणी, ५ मिलि थंड दाबाचं तेल, १ ते २ मिलि द्रव साबण. क्रम महत्त्वाचा आहे. आधी तेल आणि साबण एका वाटीत घोटून घ्यायचं, त्यात साधारण १०० मिलि कोमट पाणी थोडं थोडं घालत ढवळायचं, आणि मिश्रण ताकासारखं पांढरट झालं की मग उरलेल्या पाण्यात ओतायचं. उलट क्रमाने, म्हणजे भरल्या बाटलीत वरून तेल टाकलं, की ते तरंगतं. पंपाची नळी तळाशी असते, त्यामुळे सुरुवातीला नुसतं साबणाचं पाणी उडतं आणि शेवटी टाकीत उरलेलं निव्वळ तेल एखाद्या बिचाऱ्या झाडावर बसतं. दोन दिवसांनी तेवढ्याच झाडाची पानं करपलेली दिसली तर कारण हेच. पृष्ठभागावर सोनेरी चकत्या दिसल्या तर मिश्रण जमलेलं नाही, पुन्हा घोटा. जमलेलं मिश्रणही काही वेळाने फुटतं, म्हणून फवारताना पंप अधूनमधून हलवत राहायचा आणि केलेलं त्याच दिवशी संपवायचं. पाण्यात अझाडिरॅक्टिन टिकत नाही. पाणी अल्कधर्मी असेल तर ते आणखी लवकर विघटन पावतं.

थंडीत तेल बाटलीतच गोठतं. ते खराब झालेलं नसतं. बाटली कोमट पाण्यात उभी ठेवली की पातळ होतं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, उष्णतेने मुख्य घटकच जातो.

फवारणी संध्याकाळीच करायची. उन्हात अझाडिरॅक्टिन झपाट्याने नाहीसं होतं आणि तेलाचा थर असलेलं पान भाजतं. तापमान ३० अंशांच्या वर असेल किंवा झाड तहानेने मलूल असेल तर थांबा, आदल्या दिवशी पाणी द्या. झाडावर गंधक मारलं असेल तर तेलाआधी किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्या. दोन्ही एकत्र आली तर पानं जळतात. नव्या झाडावर आधी तीन-चार पानांवर मारून दोन दिवस वाट पाहायची. फुलांवर मधमाश्या असताना फवारू नये, आणि माशांच्या टाकीत किंवा तळ्यात थेंबही जाऊ नये.

घरी करायचं असेल तर आमची पसंती तेलापेक्षा निंबोळी अर्काला आहे. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीचा गर, म्हणजे पाच टक्के. वाळलेल्या निंबोळ्या फोडून आतला गर भरडायचा, कापडात सैल पुरचुंडी बांधून रात्रभर पाण्यात ठेवायची, सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात पिळत राहायची. पिळताना उतरणारं पाणी पांढरट राहिलं नाही की अर्क पूर्ण उतरला. मग दुहेरी कापडातून गाळून त्यात एक ग्रॅम साबण विरघळवायचा. निंबोळ्या किमान तीन महिने सावलीत वाळलेल्या असाव्यात. वर्षापूर्वीच्या, बुरशी आलेल्या नकोत, त्यांचा कस गेलेला असतो. कडुनिंबाचा पाला उकळून केलेलं पाणी मात्र सोडून द्या. पाल्यात अझाडिरॅक्टिन बियांच्या मानाने फारच थोडं असतं, आणि जे असतं तेही उकळताना जातं.

साबणाच्या फवाऱ्याला आम्ही तेलाच्याही वर ठेवतो, पण तो खरा साबण असेल तरच. किडीवर चालणारा साबण म्हणजे तेलातल्या मेदाम्लांचे पोटॅशियम क्षार: मऊ, द्रव साबण. तो मऊ अंगाच्या किडीच्या त्वचेवरचा मेणाचा थर काढतो, पेशींची आवरणं फोडतो आणि कीड शुष्क होते. भांडी घासायचं द्रव्य म्हणजे साबण नव्हे. ते डिटर्जंट असतं, चिकट तेल काढण्यासाठी बनवलेलं. पानावरचं नैसर्गिक मेणही ते तितक्याच जोमाने काढतं. घरगुती कृतींमध्ये 'दोन चमचे डिशवॉश' लिहिलेलं असतं, आणि पानांच्या कडा तपकिरी होतात त्या याच दोन चमच्यांनी.

प्रमाण एका लिटरला १० ते २० मिलि. १० ने सुरुवात करा. साबण ओला असेपर्यंतच मारतो. वाळल्यावर त्याचा काही असर उरत नाही. हीच त्याची कमजोरी आणि हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. तासाभराने त्या पानावर येणाऱ्या ढालकिड्याला (मावा खाणाऱ्या लेडीबर्डला) त्याचा त्रास नाही. पण फवारताना पानाची खालची बाजू सुटली तर तिथला मावा तसाच जिवंत राहतो. म्हणून थेंब गळेपर्यंत, खालून वर फवारायचं आणि चार ते सात दिवसांनी पुन्हा.

पाणी जड असेल तर साबण वाया जातो. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून साय बनवतात. पारदर्शक बाटलीत साबणपाणी करून पंधरा मिनिटं ठेवा. वर पांढरे कपचे तरंगले तर पावसाचं किंवा गाळण यंत्रातलं पाणी वापरा. नेचे, नस्टर्शियम आणि पानांवर पांढरट भुकटीसारखं मेण असलेल्या रसदार वनस्पतींवर साबण मारू नका. त्यांचं मेण एकदा गेलं की त्या पानावर परत येत नाही.

तण आणि कीड दोन्हींसाठी साबण, व्हिनेगर आणि मीठ एकत्र करण्याची एक कृती फार फिरते. खऱ्या साबणात व्हिनेगर टाकलं की आम्लामुळे साबण फुटतो, मेदाम्लं वेगळी होऊन दह्यासारख्या गुठळ्या तयार होतात आणि पंपाचं तोंड बुजतं. ना साबण उरतो, ना व्हिनेगर पूर्ण ताकदीचं. डिटर्जंटने गुठळ्या होत नाहीत, म्हणून ती कृती चालल्यासारखी वाटते.

नुसत्या व्हिनेगरचं काय? स्वयंपाकघरातलं व्हिनेगर पाच टक्के ॲसिटिक ॲसिडचं असतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २००२ साली वेगवेगळ्या तीव्रता तपासल्या. पाच आणि दहा टक्क्यांनी उगवून दोन आठवडे न झालेलं तण मेलं, मोठ्या तणाला त्याहून तीव्र द्रावण लागलं. प्रत्यक्षातही तसंच आहे. दोन-चार पानांचं घोळीचं किंवा दुधी या तणाचं रोप कोरड्या, कडक उन्हाच्या दिवशी पूर्ण भिजवलं तर काही तासांत सुकतं. हरळी मात्र वरून पिवळी पडते आणि आठ-दहा दिवसांत जमिनीखालच्या धावत्या खोडांतून पुन्हा फुटते. ॲसिड पानाला जाळतं, पण मुळापर्यंत उतरत नाही. वीस टक्क्यांचं 'बागकामाचं व्हिनेगर' विकत मिळतं. ते घेणाऱ्याने डोळ्यांवर बंद चष्मा आणि हातात मोजे घातल्याशिवाय झाकणही उघडू नये. अकरा टक्क्यांपुढचं ॲसिटिक ॲसिड कातडी भाजतं आणि डोळ्यांना कायमची इजा करू शकतं. पेव्हरच्या फटींतल्या कोवळ्या तणासाठी ठीक, वाफ्यात नको. तण आणि मिरचीचं रोप यांत ते भेद करत नाही.

मीठ कुठेच नको. ॲसिटिक ॲसिड मातीत काही दिवसांत विघटित होतं, सोडियम होत नाही. ते चिकणमातीचे कण सुटे करतं, माती घट्ट बसते, पाणी मुरत नाही. पाणी देऊन धुवावं म्हटलं तर ते शेजारच्या मुळांकडे जातं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, ते तणनाशक नाहीच.

फटींसाठी आम्ही उकळतं पाणी सुचवू. खोडाच्या बुंध्यावर, अगदी जवळून, बारीक धारेने ओता. सोटमूळ असलेल्या जुन्या तणाला दोन-तीन वेळा लागतं. वाफ्यात तेही नको, गांडुळं आणि जवळची मुळं शिजतात. बंद चपला घाला.

वाफ्यातल्या तणासाठी खरोखर पैसे आणि श्रम वसूल करणारी वस्तू बाटलीत मिळत नाही. ती म्हणजे पुठ्ठा आणि त्यावरचं आच्छादन. चकचकीत छपाईचा पुठ्ठा वगळा, चिकटपट्ट्या आणि पिना काढा. तण जमिनीलगत कापून जमीन भिजवा, पुठ्ठे एकमेकांवर किमान १५ सेंटिमीटर चढवून अंथरा आणि पुन्हा चिंब करा. वर आठ-दहा सेंटिमीटर लाकडाचा भुसा, वाळका पाला किंवा कंपोस्ट. जोड कमी चढवला की हरळी बरोबर त्या फटीतून डोकं काढते; पुठ्ठ्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी या जोडांच्या असतात. झाडाच्या खोडाभोवती पाच-सात सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड सडतं. नुसतं आच्छादन, पुठ्ठ्याशिवाय, पाच ते आठ सेंटिमीटर जाड असेल तर बियांपासून उगवणारं तण बऱ्यापैकी दबतं. दोन सेंटिमीटरचा थर फक्त दिसायला छान. बी धरलेलं सुकं गवत आच्छादनाला वापरू नका, पुढच्या हंगामाचं तण आपल्याच हाताने पेरल्यासारखं होतं. वाळवीचा त्रास असलेल्या जागी पुठ्ठा भिंतीपासून लांब ठेवा.

लव्हाळ्यापुढे मात्र पुठ्ठाही हरतो. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, पुठ्ठा आणि पातळ प्लॅस्टिक दोन्ही भोकसून वर येतो. उपटला तर पात तुटून हातात येते आणि जमिनीतल्या गाठी जाग्या होतात. एकच मार्ग उरतो: पाच-सहा पानं येण्याआधी, दर दोन-तीन आठवड्यांनी, पुन्हा पुन्हा काढत राहणं, म्हणजे नव्या गाठी धरत नाहीत आणि जुन्यांतला साठा संपत जातो. खोदून काढलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका, कडक उन्हात पूर्ण वाळवा. याला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि आठ दिवसांत लव्हाळा घालवणारं कोणतंही घरगुती औषध नाही.

नवा वाफा करायचा असेल तर ऐन उन्हाळ्यात पारदर्शक प्लॅस्टिकने माती तापवणं हा फार चांगला उपाय आहे. माती भुसभुशीत आणि सपाट करून पाणी द्यायचं, २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक कागद मातीला चिकटवून अंथरायचा, कडा मातीत गाडायच्या आणि चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. काळा कागद घेऊ नका. काळा कागद स्वतः तापतो, पारदर्शक कागद माती तापवतो. नंतर माती खोल खणली तर खालचं न तापलेलं बी वर येतं आणि सगळी मेहनत फुकट जाते. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी पेरणीआधी वाफ्याला पाणी देऊन तण उगवू द्यावं, दहा-चौदा दिवसांनी वाफशावर (माती चिखल नाही आणि कोरडीही नाही अशी असताना) खुरप्याने वरचे दोन-तीन सेंटिमीटरच हलवावेत, आणि मग पेरावं.

मक्याचं ग्लूटेन हे तणप्रतिबंधक म्हणून विकलं जातं. आयोवा स्टेट विद्यापीठात १९८० च्या दशकात त्याचा हा गुण लक्षात आला: उगवणाऱ्या बीजाचं मूळ ते खुंटवतं. चौरस मीटरला सुमारे १०० ग्रॅम, तेही उगवणीच्या आधी, आणि नंतर थोडे कोरडे दिवस मिळाले तरच. त्यात दहा टक्क्यांच्या आसपास नत्र असल्याने आधीच उगवलेलं तण त्यावर पोसतं, आणि आपण पेरलेलं बीही खुंटतं. भाजीच्या वाफ्यासाठी आम्ही ते सुचवणार नाही.

अळ्यांसाठी बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू, घ्या, बिनधास्त. हा जिवाणू १९०१ साली जपानमध्ये रेशमाच्या अळ्यांच्या रोगातून सापडला, आणि १९११ साली जर्मनीतल्या थुरिंजियात पिठातल्या पतंगाच्या अळीत पुन्हा. पान खाणाऱ्या अळ्यांसाठी लेबलवर 'कुर्स्टाकी' हा प्रकार हवा. कुंडीतल्या बारीक काळ्या माश्यांच्या अळ्यांसाठी 'इस्रायलेन्सिस', तोही मातीत ओतायचा. अळीने तो खावा लागतो, म्हणून पान नीट भिजलं पाहिजे. खाणं काही तासांत थांबतं, मरायला दोन-तीन दिवस लागतात. उन्हात तो काही दिवसच टिकतो, त्यामुळे संध्याकाळी आणि अळ्या लहान असताना मारायचा. माव्यावर त्याचा काहीही परिणाम नाही.

गोगलगायींभोवती अंड्याची टरफलं पसरणं थांबवा. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये निकाल जाहीर केले. टरफलं, तांब्याची पट्टी, खडी, पाइनची साल आणि लोकरीच्या गोळ्या, यांतल्या कशानेही लेट्यूसचं नुकसान कमी झालं नाही. त्याऐवजी यीस्टचा सापळा लावा: एक लिटर कोमट पाणी, दोन मोठे चमचे साखर, एक छोटा चमचा यीस्ट, एक रात्र आंबवलेलं. वाटी मातीत पुरताना तिची कड दोन-तीन सेंटिमीटर वर राहू द्या, नाहीतर उपयोगी भुंगेरेच आधी पडतात. हातात टॉर्च घेऊन रात्री वेचणं याहूनही परिणामकारक.

लसूण-मिरचीचं पाणी किडीला थोडं दूर ठेवतं, मारत नाही, आणि एका पावसात धुऊन जातं. पिवळे चिकट सापळे पांढरी माशी आली की नाही हे कळण्यासाठी उत्तम (फुलकिड्यांसाठी निळे), पण प्रादुर्भाव आटोक्यात आणायला पुरत नाहीत आणि त्यांना मित्रकीटकही चिकटतात. डायटोमेशियस अर्थ (सूक्ष्म शैवालांच्या कवचांची भुकटी) कोरडं असेपर्यंतच चालतं. खाद्य दर्जाचंच घ्या, पोहण्याच्या तलावाच्या गाळणीचं नको, आणि पसरताना नाकाला मास्क. पिठ्या ढेकणाच्या दोन-चार पुंजक्यांसाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा पुरतो. आणि मावा नुकताच दिसला असेल तर काहीच विकत घेऊ नका. पानाखालून पाण्याची जोरदार धार, दोन दिवसांआड तीन वेळा. सोबत मुंग्यांची रांग तोडा, कारण माव्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात.

यातला बराचसा निकाल पंपावर ठरतो. हातात दाबायची पिचकारी पाचेक कुंड्यांपर्यंत ठीक. त्यापुढे दोन लिटरचा हवा भरायचा पंप घ्या, आणि तोही असा की ज्याचं तोंड वर वळतं. सरळ तोंडाच्या पंपाने पानाची खालची बाजू भिजत नाही, आणि मावा, पांढरी माशी, लाल कोळी तिथेच असतात. निंबोळी तेल वापरल्यावर पंपात कोमट साबणपाणी भरून ते तोंडातून उडवून टाका, मग साधं पाणी. तेल आत तसंच राहिलं तर दोन-तीन वापरांत तोंड तुंबतं आणि धुक्याऐवजी धार येऊ लागते. व्हिनेगरसाठी वेगळा पंप ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा.